मुलांची बाग : सारखे विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर बरीच वर्षं बागेत काम करतेय, त्यामुळे टीचर लोक आणि पालक सतत काही ना काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे इथे एकत्र केलेत, सोपे आधी, अडचणीचे नंतर. माझं एक म्हणणं आहे ते आधीच सांगते. बागेतलं काम मुलांच्या हातून झालं पाहिजे. मोठ्यांनी सजवलेली बाग आणि बाजूला हाताची घडी घालून उभी असलेली मुलं, यातून मुलांच्या पदरात काही पडत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच विचाराने दिलीयेत.

१. पहिलीतली मुलं फार लहान नाहीत का? त्यांना खरंच जमतं?

जमतं, फक्त काम वयाला बेतून द्यायचं. सहा वर्षांच्या बोटांना मुळ्याचं बी बारीक पडतं, निसटतं, एकाच जागी वीस पडतात, पण घेवड्याचं बी चिमटीत नीट बसतं. म्हणून लहानांना मोठ्या बिया. पहिली-दुसरीला बी टोकणं, छोट्या झारीने पाणी घालणं, वाळकी पानं गोळा करणं, गोगलगायी मोजणं. तिसरी-चौथीला खुरप्याने माती मोकळी करणं, विरळणी (दाट आलेल्या रोपांतली काही काढणं), पट्टीने उंची मोजून तक्ता भरणं, कंपोस्ट वरखाली करणं. छाटणी आणि कात्रीचं काम मोठं माणूस समोर असतानाच. लहान मुलं एका कामात पंधरा-वीस मिनिटं रमतात, नंतर चुळबुळ सुरू होते, तेव्हा बागेचा तास असेल तर त्यात दोन-तीन वेगवेगळी कामं ठेवा.

२. आमच्याकडे मैदान नाही, अंगण नाही, फक्त खिडक्या आणि एक व्हरांडा आहे. बाग होईल का?

होईल. आधी ऊन मोजा, आणि ते मुलांनाच मोजू द्या, दर तासाला एकाने जाऊन बघायचं की खिडकीत ऊन आहे का आणि तक्त्यावर टिक करायची. चारेक तास ऊन असेल तर मेथी, पालक, पुदिना असं पानांसाठी लावायचं ते चालेल. सहा तास किंवा जास्त असेल तर झेंडू, टोमॅटो, सूर्यफूल. पालेभाजीला १५ सेंटिमीटर खोल कुंडी पुरते, घेवड्याला २० ते २५, टोमॅटोला ३० तरी हवी.

तळाला भोक हवंच. आणि तळाशी खडे टाकले की पाणी चांगलं निचरतं असं सगळेच सांगतात, पण होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहतं, म्हणजे मुळांजवळचा चिकट ओला थर आणखी वर येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बाकी सगळी कुंडी मातीने भरा.

३. प्लास्टिकच्या बाटल्या कापून कुंड्या केल्या तर चालतील?

चालतील, पण कापायचं काम मोठ्यांनी करा आणि कडेला टेप लावा, ती कडा बोट कापते. पारदर्शक बाटलीत मुळांपर्यंत उजेड जातो आणि आत हिरवं शेवाळ धरतं, त्यामुळे बाहेरून जाड कागद गुंडाळायचा. आठवड्यातून एकदा तो कागद काढून मुळं कुठपर्यंत आली ते मुलांना बघू द्यायचं, हा मोठाच फायदा. उन्हात ठेवलेली बाटली काही महिन्यांत कडक होऊन तुटते आणि तुकडे मातीत मिसळतात, तसं व्हायच्या आधी बदला. रंगाचे, फिनाईलचे, कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले तरी नकोत.

४. पहिल्यांदाच करतोय. काय लावलं तर हमखास येईल?

मेथी, मुळा, घेवडा, झेंडू. मेथी आणि मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतात, आणि मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, सोमवारी पेरलं आणि शुक्रवारी दिसलं की मूल पुढच्या सोमवारी आपणहून बागेत धावतं. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडता येते, छोटा लाल मुळाही साधारण तेवढ्यातच तयार होतो, लांब पांढऱ्या मुळ्याला जास्त दिवस लागतात. झेंडू आठवड्याभरात उगवतो पण फुलाला दीड-दोन महिने द्या.

घेवड्याबद्दल जरा जास्त सांगते कारण तो माझा आवडता आहे. तो सरळ वर येत नाही, मान वाकवून येतो. आधी मातीला एक चीर पडते, मग त्यातून पांढरट हिरवी कमान दिसते, डोकं अजून खालीच असतं, आणि एक-दोन दिवसांत ती कमान सरळ होताना दोन जाड दलं मातीतून ओढून वर आणते. एक मुलगी वाफ्याच्या कडेला पोटावर पडून हे बघत होती आणि म्हणाली, "ते पाठीने दार ढकलतंय." मी इतकी वर्षं तो कोंब बघतेय, मला असं सांगता आलं नव्हतं. शेजारी वाटाणा लावा, त्याची दलं मातीतच राहतात, नुसता कोंब वर येतो. असं का, ते मुलांना विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका.

मिरची, गाजर, स्ट्रॉबेरी पहिल्या वेळी नको, फार वाट बघायला लावतात. कोथिंबीर लावायची असेल तर धने हलक्या हाताने रगडून दोन भाग करा (एका धन्यात दोन बिया असतात) आणि दहा-पंधरा दिवस लागतील हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

५. माती कशी तयार करायची आणि बी किती खोल पेरायचं?

कुंडीसाठी साधी माती आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं, माती चिकट असेल तर त्यात थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). ताजं शेण किंवा कुठलंही कच्चं खत मुलं हात घालतात तिथे नकोच, त्यात पोटाचे आजार करणारे जंतू असू शकतात.

खोलीचा नियम सोपा, बी जेवढं जाड त्याच्या दोन-तीन पट खोल. घेवडा दोन-तीन सेंटिमीटर, मुळा एक, झेंडू जेमतेम झाकला जाईल इतका. मुलं सगळंच खोल खड्डा करून पुरतात कारण त्यांना वाटतं बी सुरक्षित राहील, म्हणून पेन्सिलवर रबर बँड लावून खूण करून द्या, तेवढीच पेन्सिल मातीत घालायची. लेट्यूससारखं बारीक बी तर उजेड असेल तरच चांगलं उगवतं, ते वर टाकून नुसतं दाबायचं.

६. पाणी किती घालायचं? रोज घालतो तरी रोपं पिवळी पडतात.

रोज घालता म्हणूनच पडत असतील. मुलांच्या बागेत रोपं तहानेने कमी मरतात, पाण्याने जास्त मरतात, कारण झारी प्रत्येकाला हवी असते आणि एकाच कुंडीला सहा जण पाणी घालून जातात. माझ्याकडे एका वर्षी मुळ्याचा अख्खा वाफा असाच गेला. रोपं मातीच्या रेषेवर बारीक काळपट होऊन आडवी पडली. ही बुरशी असते, सतत ओल आणि दाटीत वाढते, आणि एकदा रोप आडवं झालं की ते परत उभं राहत नाही. चूक माझी होती, मी पाळी लावली नव्हती.

शेतकरी म्हणतात ना, जमिनीला वाफसा आला की पेरा, तोच शब्द मुलांना शिकवा. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोट लावल्यावर सुटला तर बरोबर. पाणी ओघळलं किंवा चिखलच राहिला तर आज पाणी नाही. गोळाच झाला नाही तर घाला. कुंडीत पहिलं पेर बुडेल इतकं बोट घालून बघितलं तरी चालतं. झारीला बारीक भोकांचं तोंड हवं, जोराच्या धारेने बिया वाहून कोपऱ्यात जमा होतात. आणि सकाळची वेळ चांगली.

७. ओल्या कापसावर मूग मस्त उगवला पण दीड आठवड्यात मान टाकली. मुलं हिरमुसली. काय चुकलं?

काही चुकलं नाही. बी स्वतःबरोबर शिदोरी घेऊन येतं, ती त्याच्या दोन दलांमध्ये असते, त्यावर ते सुरुवातीचे दिवस काढतं. कापसात पाणी आहे पण खनिजं नाहीत, शिदोरी संपली की रोप थांबतं. पहिली खरी पानं दिसायला लागली की कापसासकट उचलून मातीत लावा, मुळं सोडवत बसू नका, तुटतात. काही रोपं मुद्दाम कापसावरच ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून रोज मोजा. मग ती हिरमुसलेली मुलंच तुम्हाला सांगतील की मातीत काय असतं.

८. बी पेरून पंधरा दिवस झाले, काहीच आलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा कारण असतं खोली (प्रश्न ५) किंवा पाणी (प्रश्न ६). त्यानंतर बघा बी कुठून आणलं. घरातल्या डब्यातली डाळ उगवत नाही, ती दुभंगलेली असते आणि कोंबाचा भाग तुटलेला असतो. भाजलेले दाणेही नाही. अख्खे मूग, मेथी, धने बहुतेक वेळा उगवतात. जुनं बी असेल तर आधी परीक्षा घ्या, दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, आठवड्याने कितींना मोड आले ते मोजा. दहातल्या सात म्हणजे चांगलं, तीन म्हणजे दाट पेरा, शून्य म्हणजे नवं आणा. चौथीच्या मुलांना टक्केवारीची पहिली ओळख यातून छान होते.

मुंग्यांनी आणि पक्ष्यांनी नेलेल्या बियाही असतात. वाफ्यावर पाच-सहा दिवस जाळी टाकून बघा.

९. माझा मुलगा रोज बी उकरून बघतो. रागावलं तरी ऐकत नाही.

रागावू नका, त्याला आत काय चाललंय ते बघायचंय, आणि त्यासाठीच तर आपण हे करतोय. काचेच्या बरणीच्या आत ओला टिश्यू पेपर गोल बसवा आणि काच आणि कागद यांच्या मध्ये दोन-तीन घेवड्याच्या बिया सरकवा. तळाशी थोडंसं पाणी. आता त्याला न उकरता सगळं दिसेल, आधी मूळ निघेल, ते खाली वळेल, मग कोंब वर. मूळ बोटभर झालं की बरणी आडवी करून ठेवा, एक-दोन दिवसांत मूळ परत खाली वळलेलं दिसेल. कुंडीतलं बी मग सुखाने राहील.

१०. काही मुलांची रोपं मेली आणि ती रडायला लागली. रात्री गुपचूप दुसरं रोप लावून ठेवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर कायम तेच, प्लीज नका लावू. मुलांना कळतं. त्यांनी ते रोप रोज बघितलेलं असतं, कुठल्या पानाला भोक होतं तेही माहीत असतं. आणि एकदा कळलं की आपल्या रोपाचं काय झालं हे मोठ्यांनी लपवलं, तर पुढच्या रोपावर त्यांचा जीव जडत नाही.

रडू द्या थोडं. मग रोप उपटून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सगळे मिळून शोधा. मूळ तपकिरी आणि मऊ असेल तर पाणी जास्त. मुळं कुरकुरीत वाळलेली तर पाणी कमी. खोड कुरतडलेलं तर रात्री कोणीतरी आलं होतं. मूळच नाही, तर कोणीतरी उपटून परत खोचलं, हेही होतं, आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर पकडू नका. मेलेलं रोप कंपोस्टमध्ये टाका, बुरशीने मेलेलं मात्र नाही. मग मुलाला नवीन बी द्या, आणि ते त्याने स्वतः पेरायचं.

हे टाळण्यासाठी मी एक करते, प्रत्येक मुलाला कुंडीत तीन बिया देते. तिन्ही आल्या तर एक ठेवायची, दोन दुसऱ्या कुंडीत हलवायच्या किंवा ज्याचं आलं नाही त्याला द्यायच्या. हे देणं मुलं फार मनापासून करतात.

११. वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रत्येकाला वेगळी कुंडी द्यायची की एकच वाफा सगळ्यांचा?

दोन्ही. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत लहान मुलांच्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं, आणि त्याच्या बागेत खरोखरच प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा तुकडा असायचा आणि शिवाय सगळ्यांची सामाईक जागा. मला ही रचना आजही सगळ्यात बरोबर वाटते. स्वतःचं असलं की जीव लागतो, सामाईक असलं की पाळी पाळायला शिकतात.

चाळीस जणांना एकदम बागेत नेऊ नका. दहा जण बागेत, बाकीचे वर्गात डायरी (प्रश्न २२), चित्र, बिया निवडणं, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल. खुरपी चार असतील तर चारच मुलं खणतील हे आधी ठरवा. खुरपं हातात असताना पळायचं नाही आणि खुरप्याचं टोक खाली, एवढे दोन नियम पुरतात, पण ते दर वेळी म्हणून घ्या.

१२. मातीत हात घालून मूल आजारी पडेल का?

साधारण नाही, काळजी घेतली तर. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शरीरात जातात, म्हणून त्याची लस वेळेवर झालीये का ते पालकांनी बघावं आणि हातावर कापलेलं असेल तर पट्टी आणि हातमोजा. काम झाल्यावर साबणाने २० सेकंद हात धुणं, नखांखालचं सुद्धा. बागेत असताना तोंडात बोट नाही, खाऊ नाही. कोरड्या खताची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा आणि आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ नाकात जात नाही. कुत्री-मांजरं घाण करतात तो कोपरा झाकून ठेवा.

हातावर लाल चट्टे किंवा खाज आली तर आधी बघा की गाजर गवत तर उपटलं नाही. त्याने बऱ्याच जणांना ॲलर्जी होते, ते मुलांना काढायला देऊच नका. आणि पाकिटातलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी म्हणजे त्यावर बुरशीनाशक लावलेलं असतं, ते मुलांच्या हातात नको. साधं, न रंगवलेलं बी घ्या.

१३. कुठली झाडं मुलांच्या बागेत अजिबात नकोत?

कण्हेर, धोत्रा, एरंड, गुंज. चारही विषारी आहेत आणि एरंड आणि गुंजेच्या बिया तर इतक्या सुंदर दिसतात की मुलं खिशात घालतात. डिफेनबेकिया, ती पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांची शोभेची कुंडी, ऑफिसात आणि व्हरांड्यात सगळीकडे असते. तिचं पान चावलं तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. घाणेरीची कच्ची फळंही नकोत. आधीच मोठं झाड असेल तर कुंपण घाला आणि मुलांना नाव आणि कारण दोन्ही सांगा, नुसतं "हात लावू नको" म्हटलं तर हात आधी जातो.

खाण्याच्या झाडांचेही सगळे भाग खाण्याचे नसतात. टोमॅटोची पानं, हिरवा पडलेला बटाटा नाही. राजमा आणि घेवड्याचं कच्चं बी थोडंसं खाल्लं तरी उलट्या होऊ शकतात, म्हणून बी टोकताना मोजून द्या आणि उरलेलं मोजून घ्या. कोणी काही खाल्लंच तर त्या झाडाचा तुकडा बरोबर घेऊन लगेच डॉक्टरकडे, घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

१४. पानांवर मावा आणि अळ्या आल्यात. औषध मारू?

मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी नाही. मावा असेल तर बोटाने पुसा किंवा पाण्याचा फवारा मारा, पानांच्या खालच्या बाजूला मारायला विसरू नका, तिथेच बसतो. आणि आधी भिंगातून बघा की लेडीबर्ड आलाय का. त्याची अळी लेडीबर्डसारखी दिसत नाही, काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते, आणि लोक तिलाच कीड समजून मारतात. ती मावा खाते, तिला राहू द्या.

फारच झालं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर, मोठ्यांनी मारायचं. फुलांवर नाही. अळीचं मात्र थांबा, पुढचा प्रश्न वाचा.

१५. लिंबाच्या झाडाची पानं अळ्या फस्त करतायत. काढून टाकू की ठेवू?

ठेवा! बहुतेक ती लिंबू फुलपाखराची असणार. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरी, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास येतो. मुलं किंचाळतात आणि लगेच परत बघायला वाकतात. एकदाच दाखवा, सारखं डिवचू नका.

वर्गात पाळायची असेल तर एका मोठ्या बरणीला जाळीचं कापड, आत रोज ताजी लिंबाची पानं (लिंबू, कढीपत्ता अशी थोडीच पानं ती खाते, भलती पानं दिली तर उपाशी मरेल), तळाला कागद आणि रोज सफाई. दोनेक आठवडे खाते, मग एक उभी काडी हवी, तिथे कोष करते. कोष हिरवा किंवा तपकिरी होतो, कुठे बांधला त्यावर. आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू निघतं, पंख चुरगळलेले असतात आणि ते लटकून तासभर वाळवतं, त्या वेळी हात अजिबात नाही, पंख वाकडा सुकला तर कायमचा वाकडा. बाहेर आल्यावर ते थोडं रंगीत पाणी टाकतं, मुलं घाबरतात की रक्त आलं, तर ते रक्त नाही, कोषात साठलेला मळ असतो. त्याच दिवशी सोडून द्या.

झाड लहान असेल तर चार-पाच अळ्या ठेवून बाकीच्या दुसऱ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर हलवा. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी छोट्या गांधीलमाश्या निघतात. तेही मुलांना दाखवा, तीही कोणाची तरी पिल्लंच आहेत.

१६. फुलं लावली की मधमाश्या येणार. चावल्या तर?

फुलावर बसलेली मधमाशी आपल्या कामात असते, तिला दाबलं किंवा हाताने मारायला गेलं तरच डंख मारते. मुलांना "पुतळा" शिकवा, माशी जवळ आली की हलायचं नाही. डंख बसलाच तर काटा नखाने खरवडून पटकन काढा, साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी. ओठ, चेहरा सुजला, अंगभर गांधी आल्या किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. कोणाला ॲलर्जी आहे ते वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लिहून घ्या. पोळं दिसलं तर तो भाग बंद करा, मुलांना तिकडे नेऊच नका.

१७. कंपोस्टला घाण वास येतो, तक्रारी येतायत. बंद करू?

नका, वास म्हणजे ओलं जास्त झालं आणि हवा कमी पडली. आकारमानाने एक भाग ओला हिरवा कचरा (फळांची सालं, भाजीची देठं) आणि दोन-तीन भाग सुका तपकिरी (वाळकी पानं, फाडलेला पुठ्ठा). ओल किती, तर पिळलेल्या स्पंजसारखी. वास येत असेल तर भरपूर वाळकी पानं घालून वरखाली करा, दोन-चार दिवसांत कमी होतो. मांस-मासे, दूध, तेलकट उरलेलं, प्राण्यांची विष्ठा घालायची नाही. ओला कचरा टाकला की वरून लगेच पानांचं पांघरूण. दोन ते चार महिन्यांत काळसर भुसभुशीत होतं आणि पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून नुसत्या वासावरून तयार खत ओळखायला लावा, बरोबर ओळखतात.

गांडुळं सोडायची असतील तर अंधार, ओल आणि सावली हवी. ती कातडीतून श्वास घेतात, म्हणून हातात घेताना हात ओला करून घ्यायचा आणि मिनिटभरात परत ठेवायचं.

१८. पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं तर डास होतील का?

पाणी रोज बदललं तर नाही. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी ओतलं की साखळी तुटते. पण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा ब्रशने घासायचं. कुंड्यांखालच्या बशा, उघडे पडलेले डबे, सगळं यात आलं. शुक्रवारी दोन मुलांना "डास पोलीस" करा. पक्ष्यांसाठी भांडं उथळ हवं, दोन-चार सेंटिमीटर पाणी आणि बसायला एक दगड.

१९. बाग सोडून पर्यावरणाचं आणखी काय करता येईल, फार सामान न लागता?

भरपूर. पाऊस मोजा. सरळ भिंतीचा ग्लास उघड्यावर ठेवा, पट्टीने मिलिमीटर वाचा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, मग मुलांनी छताची लांबी-रुंदी मोजायची. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० लिटर पाणी वाहून गेलं. हा आकडा स्वतः काढल्यावर मुलं नळ बंद करायला लागतात, पोस्टर बघून नाही.

एका फांदीच्या पानांना पारदर्शक पिशवी बांधा, काही तासांत आत थेंब जमतात, झाड पाणी बाहेर सोडतं ते डोळ्यांनी दिसतं. वाळकं पान, वर्तमानपत्र, सुती चिंधी, केळ्याची साल आणि वेफर्सचं पाकीट वेगवेगळ्या खुणा लावून ओल्या मातीत पुरा आणि दोन महिन्यांनी उकरा. काय होईल ते आधी प्रत्येकाने लिहून ठेवायचं. पाकीट जसंच्या तसं चकचकीत निघतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मी कितीदा तरी अनुभवलीये.

२०. ५ जूनला वृक्षारोपण करतो, तेवढं पुरेसं नाही का?

जागतिक पर्यावरण दिन, दिवस चांगला आहे. १९७२ च्या स्टॉकहोममधल्या पर्यावरण परिषदेनंतर ठरला आणि १९७३ पासून जगभर पाळला जातो. पण झाडाला त्यानंतरची दोन-तीन वर्षं लागतात. मी एका ठिकाणी दोन महिन्यांनी गेले तर निम्मी रोपं वाळलेली, आणि उपटून बघितलं तर काळ्या पिशवीसकट खड्ड्यात बसवलेली. पिशवी फाडून काढायची, गोल गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, एवढं कोणी मुलांना दाखवलंच नव्हतं. शंभर खड्डे खणण्यापेक्षा पाच झाडं लावा, प्रत्येक झाडाला चार-पाच मुलं नेमा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला खोडाचा घेर दोऱ्याने मोजून तो दोरा तक्त्यावर चिकटवा.

२१. सुट्टीत पाणी कोण घालणार?

आठवड्याभराची सुट्टी असेल तर वातीची पद्धत चालते. जाड सुती दोरी भिजवायची, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत पाच-सात सेंटिमीटर खोल, बादली कुंडीपेक्षा थोडी उंच. सुट्टीच्या दोन दिवस आधी लावून चालतंय का बघा, नायलॉनची दोरी घेतली तर पाणी नीट चढेलच असं नाही. मातीवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घाला आणि कुंड्या सावलीत एकत्र ठेवा. मोठ्या सुट्टीला कुंड्या मुलांच्या घरी पाठवा किंवा पेरणी अशीच करा की सुट्टीआधी काढणी होईल. वाफा मोकळा राहिला तरी चालतं.

२२. डायरी कशी लिहायची? मार्क द्यायचे का?

तारीख, उंची, आज काय वेगळं दिसलं, एक चित्र. बस. चित्रात पान खाल्लेलं असेल तर खाल्लेलंच काढायचं, पुस्तकातलं पान नाही. मार्क रोपाच्या उंचीला कधीच देऊ नका, नाहीतर मुलं पट्टी वाकडी धरायला शिकतात. द्यायचेच असतील तर बघण्याला द्या. ज्याचं रोप मेलं आणि ज्याने ते नीट लिहून ठेवलं, त्याला पूर्ण मार्क.

२३. एका मुलीला मातीचा स्पर्शच सहन होत नाही, एक मुलगा व्हीलचेअरवर आहे. त्यांना कसं घ्यायचं?

मुलीला जबरदस्ती नको. हातमोजे, लांब चमचा, किंवा सुरुवातीला कोरड्या बिया निवडायचं काम. बऱ्याचदा काही आठवड्यांनी एक बोट आपोआप मातीत जातं, नाही गेलं तरी हरकत नाही, पाऊस मोजायला माती लागत नाही. मुलासाठी वाफा उंच करा, गुडघे खाली जातील असं टेबल, त्यावर खोल ट्रे. जमिनीपासून किती उंच हवं ते त्यालाच विचारून मोजा. वाट खडीची नको, सपाट हवी. आणि सगळ्यांची काही कामं त्या टेबलावरच ठेवा म्हणजे तो वेगळा बसलाय असं होत नाही.

२४. मुलांनी उगवलेलं त्यांना खायला द्यावं का?

नक्की द्या, स्वच्छ धुऊन, जे खाण्याजोगं आहे तेच (प्रश्न १३), आणि फवारणी केलेली नसेल तर. ॲलर्जीची यादी परत बघा. एक छोटा मुळा वीस जणांत वाटला तर प्रत्येकाला नखाएवढा येतो, तरी प्रत्येकाला हवा असतो, तो तिखट लागला तरी.

२५. चौथीनंतर मुलीची शाळा बदलतेय आणि तिला तिचं झेंडूचं झाड बरोबर न्यायचंय. नेता येईल का?

कुंडीत असेल तर न्या, पण झेंडू हंगामी आहे, फुलून झालं की ते वाळणारच, हे तिला खरं सांगा. त्यापेक्षा बी नेऊ द्या. झाडावरच पूर्ण वाळून तपकिरी झालेलं फूल खुडायचं, देठाकडचा भाग धरून सोलायचा, आत काळ्या बारीक काड्या दिसतात, एका टोकाला फिकट झुपका असलेल्या. त्या एकेक म्हणजे बी. कागदावर चार-पाच दिवस सावलीत वाळवायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल राहिली तर बुरशी येते. कागदी पाकिटात भरून कोरड्या जागी ठेवल्या तर पुढच्या वर्षी उगवतात. झाड संकरित असेल तर पुढची फुलं हुबेहूब तशीच येतील असं नाही, रंग बदलू शकतो, तेही आधी सांगून ठेवा. एका फुलात इतक्या बिया निघतात की निम्म्या वर्गात ठेवून जा म्हणावं, आणि दोन्ही पाकिटांवर तिच्याच हाताने नाव आणि महिना लिहून घ्या.